कार्ड उद्या ने

लातूर जिल्हा नवा झाला, त्या सुमाराला मी तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात देवघेवीच्या काउंटरवर बसायचो. पुस्तकांवर मारायच्या शिक्क्यात अजून जुन्याच जिल्ह्याचं नाव होतं. ते पेनाने खोडून वर 'लातूर' लिहायचं, हेही माझंच काम. जिल्हा झाला म्हणून पाणी थोडंच येणार होतं? दोन पावसाळे हुकलेले. गल्लीत टँकर यायचा, त्याच्या वेळेचा भरवसा नाही, आणि आला की जो तो हंडा घेऊन पळायचा. प्राचार्यांनी नोटीस लावली होती, कामाच्या वेळेत टँकरवर गेलेला दिसला तर घरी बसवू. मी हंगामी. पक्की ऑर्डर व्हायची होती. घरी बायको नुकती बाळंत झालेली आणि पाणी भरायला मी सोडून दुसरं माणूस नाही.

आमची पद्धत साधी होती. पुस्तक नेताना पोरांनी आपलं कार्ड द्यायचं, ते आमच्या लाकडी खोक्यात राहायचं. पुस्तक परत आलं की कार्ड परत. प्राध्यापकांना कार्ड नव्हतं. ते काउंटरवरचं पुस्तक उचलायचे आणि "लिहून ठेवा हो" म्हणत निघून जायचे. मी लिहून ठेवायचो. म्हणजे, जागेवर असलो तर.

मुरुडकडच्या एका खेड्यातून एक मुलगी यायची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. एस.टी.ने यायची, वाचनकक्षात काउंटरजवळच्या खिडकीपाशी बसायची, आमचं शिपायाशी घरचं-नोकरीचं बोलणं तिथवर ऐकू जायचं, गाडीची वेळ झाली की उठायची. बोलणं फार नाही. एकदा फक्त म्हणाली होती, "आप्पांनी एवढं एकच साल देलंय सर. पास झाले तर पुढं, न्हाई तर घरी."

परीक्षेच्या फॉर्मसोबत ग्रंथालयाची चिठ्ठी लागायची, या विद्यार्थ्याकडे आमचं एकही पुस्तक नाही अशी. पोरं तिला नो ड्यूज म्हणायची. शेवटच्या दिवशी ती चिठ्ठीला आली. मी खोकं काढलं, तर तिचं कार्ड आतच. अर्थशास्त्राचं जाडजूड पुस्तक, त्याची आमच्याकडे एकच प्रत. रॅकवरही नव्हतं.

"सर, मी आणून देलंय," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, कार्ड उद्या ने."

माझं डोकं फिरलं. सकाळपासून दहा जण असंच सांगत होते. मी आवाज चढवला. आवाज ऐकून उपप्राचार्य आत आले. त्यांनी आधी मला विचारलं, "तुम्ही टेबल सोडून कुठं गेला होतात का मधे?"

खोटं बोलायला मला एक क्षणही लागला नाही. "नाही सर. मी हलत नाही इथून."

खरं सांगतो, एका दुपारी टँकरचा हॉर्न ऐकून मी टेबलाखालचा हंडा घेऊन पळालो होतो, ते मला तिथं उभ्या उभ्या आठवलं होतं. पुस्तक तेवढं आठवत नव्हतं.

मग उपप्राचार्यांनी तिला विचारलं, "कोणत्या दिवशी दिलंस? तेव्हा काउंटरवर कोण होतं?"

तिने माझ्याकडे बघितलं. चांगलं बघितलं. मग खाली मान घालून म्हणाली, "आठवत न्हाई सर."

"बघा," मी म्हणालो. "देलं म्हणते आणि आठवत नाही म्हणते."

नवी प्रत भरून द्यायची मुभा होती, पण ते पुस्तक बाजारातच मिळत नव्हतं. मी सही केली नाही. पाच वाजता फॉर्म घ्यायचे बंद झाले. ती परत आली नाही.

परीक्षा उरकल्यावर आमच्या एका प्राध्यापकांची बदली संस्थेच्या नांदेडच्या कॉलेजात झाली. सामान बांधताना सापडलेली पुस्तकं त्यांनी शिपायाच्या हाती पाठवली. त्यात हे होतं. आत चिठ्ठी, 'काउंटरवरून नेले होते. जागेवर कोणी नव्हते, म्हणून नोंद करायची राहिली.' चिठ्ठी मी तीनदा वाचली. तोवर माझी ऑर्डर पक्की झाली होती.

रविवारी तिच्या गावाला गेलो. घरी कळलं, ती पाझर तलावाच्या कामावर आहे. ती मातीच्या पाट्या वाहत होती. मला बघून पाटी खाली ठेवली, पदर खोचला होता तो सोडून नीट केला.

मी पुस्तक पुढं धरलं. झालं ते सांगितलं. चूक माझी, म्हणालो. पुढच्या साली फॉर्म भरू, मी स्वतः प्राचार्यांशी बोलतो.

"आता कशाला सर? सोयरीक झाली माझी. उदगीरचे हायत."

तिने हात लुगड्याला पुसले आणि पुस्तक घेतलं. दोन-चार पानं उलटली, परत दिलं. मुकादम आमच्याकडेच बघत होता. मला निघायला हवं होतं, पण पाय निघेना.

"तुला खरंच दिवस आठवत नव्हता?" मी विचारलं.

"आठवत होता की. पुस्तक ठेवून तुम्ही हंडा घेऊन पळालात, मी तिथंच उभी होते."

"मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

तिने पाटी उचलून डोक्यावर घेतली.

"तुमची ऑर्डर व्हायची होती न्हवं," ती म्हणाली. "अन् घरी बाळंतीण होती."