खरवड

आमच्या बचत गटाला शाळेत पोरांचं जेवण शिजवायचं काम मिळालं, तेव्हा गटाची अध्यक्ष म्हणून मीच जास्त मिरवले. मुरगूडच्या बाजारातून नवी पातेली आणली, त्यांना हळदकुंकू लावलं. आता आपल्यातल्या कुणाला कुणापुढं हात पसरायला नको, असं मला खरंच वाटत होतं.

शिजवायला गटातल्या तिघी लागल्या. त्यातली एक अगदीच नाडलेली. नवरा उसाच्या ट्रॉलीवरून पडून अंथरुणाला खिळलेला, पदरी एक मुलगी. शाळेतलं जेवण आठवीपर्यंतच, आणि मुलगी नेमकी नववीत. पोरं जेवून उठली, की ही पातेल्याच्या बुडाची करपलेली खरवड उलथन्यानं काढायची आणि डब्यात भरून घरी न्यायची.

‘‘खरवड खाल्ली की लग्नात पाऊस पडतो म्हणत्यात. लेकीच्या लग्नात पडंल बघ,’’ आम्ही चिडवायचो.

‘‘पडू दे की. मांडवात पाणी भराय तर नको!’’

एक दिवस शाळा समितीतल्या एकानं तिला फाटकात अडवलं, डबा उघडायला लावला आणि मोबाइलवर फोटो काढला. पोरांच्या तोंडचा घास चोरणारी बाई म्हणून तो फोटो संध्याकाळपर्यंत गावभर झाला. याच माणसाच्या घरच्या लग्नात परातीच्या पराती भात उकिरड्यावर गेलेला मी पाहिलाय. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! समितीचा निरोप आला: बाईला काढा, नाहीतर काम दुसऱ्या गटाला देतो.

मी त्याच्या दारात जाऊन भांडले. ‘‘खरवड कुत्र्याला घातली तर चालती, आन् माणसानं खाल्ली की चोरी व्हय?’’

‘‘नियम म्हंजे नियम,’’ तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

समाजमंदिरात बैठक घेतली. तीही आली होती. काम गेलं असतं तर बाकीच्या दोघींच्या चुलीही विझल्या असत्या, आणि त्यांचीही परिस्थिती काही बरी नव्हती. शेवटी मीच म्हटलं, तिला कामावरून काढायचं ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करा. एकेक हात कसाबसा वर गेला. पुढच्या चार-पाच ओळखीच्या बांगड्या दिसल्या तेवढं मला पुरे झालं. ठराव झाला, असं मी म्हणाले आणि उठले. रडू येत होतं, आणि त्याहून जास्त संताप.

बाहेर चपला घालताना ती जवळ आली. वाटलं, आता शिव्या देणार. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘‘अक्का,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘मी पार मागं बसलेली. मोजताना माझा बी हात धरलासा न्हवं? मी बी गटातलीच हाय की.’’

मी हो म्हणाले. तिचा हात मी पाहिलाच नव्हता.