चौथ्या रविवाराची गॅरंटी

चर्चातले किस्से बाहेर सांगू नाई म्हनतात. पन आमच्या अमरावतीच्या महिला मंडळात ते कापसाच्या गंजीवानी साचतात, त्याले मी काय करू? त्यातई नाताळाच्या आधीचे चार रविवार, म्हनजे आगमनाचे दिवस, लय भारी. काम एकच, वाट पाहाची. अन् तेच कोनाले जमत नाई!

*

पाळकसाहेब दरसाल पयल्या रविवारी धीर धराचं प्रवचन देतात. मंडळाच्या फराळाचे डबे त्याईच्याच घरी राह्यतात, नाताळाले उघडाचे म्हनून. एका साली मले शंका आली. वरच्या दोन करंज्याईत मी लाल तिखट भरलं.

दुसऱ्या रविवारी साहेबाचे डोये लाल, आवाज बसेल. मी इचारलं, तब्येत कशी हाये?

"बरी हाये," म्हने.

दुसरं काय म्हनन बिचारा!

*

चर्चात समोर गवताची गव्हाणी राह्यते. नाताळापर्यंत रिकामी, मंग त्यात बाळ येशू ठेवतात. मी गंमत म्हनून त्यात वरूडचं एक संत्रं ठेवलं अन् वर छताकडे पाहात बसली. लोकाईले वाटलं, नवी पद्धत निंगाली. चौथ्या रविवारी गव्हाणी संत्र्याईनं गच्च!

नाताळाले बाळ घेऊन साहेब उभेच. राहेलबाई मांगून म्हने, "घ्या! जन्मला तवा धर्मशाळेत नोती, आता इथं. बिचाऱ्याले दुसऱ्यांदा जागा नाई."

*

हे राहेलबाई म्हनजे माई उचापतीतली जोडीदारीन. आमच्यात दर रविवारी एक मेनबत्ती लावतात, चौथ्या रविवारी चार होतात. दोन सालाखाली पयल्या रविवारी तिची पाळी होती. तिनं एक लावली. मंग दुसरी. मंग तिसरी, चौथी! साहेब हळूच म्हनाले, बाई, आज एकच.

"साहेब, मी ऐंशीची हाओ. चौथ्या रविवाराची गॅरंटी कोन देते?"

साहेबानं चारई जळू देल्या.

चौथ्या रविवारी पाहातो तं बाई सगळ्याईच्या आधी येऊन बसेल! मी म्हनलं, काहून वो, आली? तं म्हने, पाहाले आली, मेनबत्ती उरली का.

*

मागच्या साली ते पडली. लेक तिले अकोल्याले घेऊन गेली. आगमनाच्या पयल्या रविवारी सकाळीच लेकीचा फोन: मावशी, माय जेवूनच नाई राहिली, डॉक्टर म्हनते नाताळ गाठनं कठीन.

उपासना झाल्याबरोबर चार मेनबत्त्या पिशवीत टाकल्या अन् एसटीत बसली. कंडक्टरनं पिशवीत डोकावलं. म्हने, आजी, कोनाचा बर्थडे? मी म्हनलं, हाये एकाचा, चार हप्त्यानं.

"मंग आत्ताच काहून घेऊन चालल्या?"

मी पिशवीचं तोंड बांधलं अन् मूर्तिजापूर येईपर्यंत मांडीवर धरून बसली.

*

राहेलबाई खाटेवर निस्ती चादरीएवढी उरेल. मी स्टुलावर चारई मेनबत्त्या उभ्या केल्या अन् चारई लावल्या.

तिनं बोटानं चारई मोजल्या. मंग म्हने, आज पयलाच रविवार नं? मी मान हालवली. तिनं स्टूल जवळ ओढाले लावलं.

एक फुंकली. दम घेतला. दुसरी फुंकली. लेक म्हने, माय, राहू दे. तिनं हातानं तिले चूप केलं, तिसरी फुंकली, अन् उशीवर डोकं टेकलं.

एक जळत होती. तिच्याकडे पाहातच मले म्हने,

"चौथ्या रविवारी येशीन तं करंज्या आनजो. वरच्या दोन तू खाजो."