विजूला सापडतो तो एकांत

फोटो डिलीट करता येतात, किस्से नाही करता येत. शाहूपुरीतला आमचा स्टुडिओ एवढासा, पण किस्से म्हणाल तर पोटमाळ्यापर्यंत भरलेत! मी आणि विजू पार्टनर, अल्बम करायला शर्मिला. बहुतेक किश्श्यांत विजू हिरो असतो आणि मी जळत असतो. खोटं कशाला बोलू?

आमच्या फोटोग्राफर मंडळाचं दरवर्षी प्रदर्शन भरतं. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या समोर येणारी मोठी भिंत दरवेळी विजूला. मला चहाच्या टेबलाजवळचा कोपरा. यंदा काही झालं तरी ती भिंत मला पाहिजे होती.

*

विजूचं एकच म्हणणं, "भावा, एकटं बसल्याबिगर काय सुचत न्हाय."

एकदा सकाळी एकटाच कुरुंदवाडच्या घाटावर गेला आणि रिकाम्या नावेचा फोटो घेऊन आला. जो तो वाहवा करायला लागला. मी म्हटलं, "रिकाम्या नावेत बघण्यासारखं काय हाय?"

शर्मिला मान वर न करता म्हणाली, "त्यात कोण बडबडत न्हाय, दादा!"

*

मग मीही गेलो की! तोच घाट, तीच वेळ, लेन्ससुद्धा विजूचीच. कॅमेरा लावतोय तोवर मागून गावातल्या एका माणसाची हाक आली, "पावणं, कुठलं म्हणायचं?"

"कोल्हापूर. जरा एकटं बसायला आलतो."

"एकटं? घरात भांडण झालंय व्हय?"

झालं! हाताला धरून त्यानं मला घरी नेलं. पिठलं, भाकरी, वर वाटीभर दही. मालकीणबाई घासाघासाला समजूत घालत होत्या, "बायकोला फोन करा वो. तिलाबी करमत नसंल."

परतलो तेव्हा कॅमेऱ्यात त्यांच्या अख्ख्या भावकीचा ग्रुप फोटो होता. नाव नव्हती.

*

विजू बासरीही वाजवतो. म्हणजे तेही त्यालाच! वारणानगरकडं उसाच्या बांधावर मोबाईल बंद करून बसतो आणि नवी चाल घेऊन येतो. मी भजनी मंडळात इतकी वर्षं पेटी वाजवतोय, पण स्वतःची चाल एकसुद्धा नाही.

एका दुपारी पेटी घेऊन स्टुडिओच्या मेकअपच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. डोळे मिटले. काहीतरी छान हाताला लागत होतं, तेवढ्यात दार वाजलं. पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक!

"दादा, जरा खालच्या पट्टीत घ्या की. मला वरचा सूर लागंना!"

बाहेर बाकावर बसून हा गात होता आणि शर्मिला टेबलावर ठेका धरत होती.

*

शेवटी सरळ विचारलं, "विजू, खरं सांग. एकटा बसून तू नेमकं करतोस काय?"

"कायबी न्हाय."

"सांगायचं नसंल तर नगं सांगू!"

आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही. आणि गडी एवढा निवांत, की त्याला ते कळलंसुद्धा नाही!

*

मग केला पाठलाग. पन्हाळ्यावर पावसाळी धुकं होतं. विजूनं तटाजवळ बॅग ठेवली आणि कुठंतरी गडप झाला. बॅग न्यायला येईलच की, म्हणून मी जरा लांब कठड्यावर बसलो. समोर दरी. मोबाईलला रेंज नाही, ओळखीचं कोण नाही. विजू येईना. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मी आपला कायतरी गुणगुणत बसलेलो. धुकं निवळलं तेव्हा बॅगही नव्हती!

दुसऱ्या दिवशी विजू म्हणाला, "काल कुठं गेलतास?"

"कुठं न्हाय. पावण्यांकडं."

"बरं," म्हणाला.

*

यंदाचं प्रदर्शन. मोठी भिंत परत विजूलाच! फोटो काय, तर धुक्यात कठड्यावर बसलेला एक पाठमोरा माणूस. बस्स. पण लोक तिथून हलायला तयार नाहीत. एक आजोबा म्हणाले, "काय नशीबवान माणूस हाय बघा. कुणाशी चढाओढ न्हाय, कुणाचा हेवा न्हाय!"

विजूवर कधी जळलो नसेन एवढा त्या माणसावर जळलो. विजूला बाजूला ओढलं. "कोण रे ह्यो? कुठं घावला तुला?"

मागून शर्मिला म्हणाली, "दादा, तेवढा त्यो शर्ट वहिनींना शिवायला द्या. कॉलर फाटलीया, अख्खं कोल्हापूर बघतंय!"