ब्रिजिटचा शनिवारचा वर्ग

ब्रिजिट काल गेली. खरं सांगते, मला अजूनही तिचा हेवा वाटतोय.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात मराठी शिकवायचो. सिलॅबस माझा वेळेत संपायचा.
मुलं मात्र तिच्या मागे.

शनिवारी लेक्चर्स आटोपली की ती लेखनाचा वर्ग घ्यायची. कंपल्सरी नाही, मार्क नाहीत. तरी बाकं पुरायची नाहीत.
मी शेजारी स्टाफरूममध्ये पेपर तपासत त्यांचं हसणं ऐकायचे. जळायचे, सरळ जळायचे.

तिचा नियम एकच. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला आधी वाचून दाखवायचं. तो "हां, असंच आहे" म्हणाला तरच वर्गात आणायचं.

सांडोर गावच्या एका मुलीनं घरच्या केळीच्या वाडीवर लिहिलं. वडील ऐकून म्हणाले, "हे पुस्तकातलं झालं. आपली वाडी कुठंय यात?"
पोरगी पुन्हा लिहायला बसली. मग पुन्हा.
शेवटी त्यात पाण्याची मोटर बंद पडल्यावर वडील हासडतात ती शिवी आली. तेव्हा कुठे ते म्हणाले, "हां, असंच आहे."
हीच मुलगी माझ्या पेपरात धड अर्धं पान लिहायची नाही.

एकदा मीटिंगमध्ये आमचे एक सर म्हणाले, "या पिढीला चार वाक्यं सरळ लिहिता येत नाहीत. वर्ग कशाला? विजेचं बिल नुसतं."
ब्रिजिट शांतपणे म्हणाली, "सर, पोरांना पोहता येत नाही म्हणून कुणी विहीर बुजवतं का?"
असलं मला आयत्या वेळी कधी सुचत नाही. तेव्हाही जळले.

आज दफन झाल्यावर चर्चच्या फाटकाशी तेच सर हळूच म्हणाले, "आता तो वर्ग बंदच करू. घेणार कोण?"
"मी घेणार," मी म्हटलं. माझं मलाच नवल वाटलं.
मागून सांडोरची ती मुलगी म्हणाली, "मिस, नियम तोच ना?"
घ्या. वर्ग मी घेणार, आणि नियम ब्रिजिटचाच.

"तोच," म्हटलं.

ब्रिजिट, हे तुझ्याबद्दल लिहिलंय.
तुला वाचून न दाखवताच टाकतेय. "हां, असंच आहे" म्हणायला तू हवी होतीस गं.

शनिवारी जाते तुझ्या वर्गावर. तू आता नीज, बाई.