मे महिन्यातली राखी

शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली त्या दिवशी आम्ही चौघं हुबळीला सिनेमाला गेलो. चार मित्र उन्हाळ्यात गाडी काढतात, वाट फुटेल तिकडं जातात आणि शेवटी समुद्रावर नायिका नायकाला मनातलं सांगते, असला सिनेमा. त्या गाडीत कुणाला उलटी होत नाही, कुणाच्या आईचा फोन येत नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण नंतर कोप्पीकर रोडवर आइस्क्रीम खाताना तो म्हणाला, "आपणपण गोकर्णाला जाऊ या की!" समुद्रावर गेल्यावर मीही त्याला सांगणार, हे मी तिथंच उभ्या उभ्या ठरवलं.

तो आमच्या मळमड्डी भागातलाच, एकुलता एक. कॉलेजची सगळी वर्षं मी त्याच्यावर जीव टाकून होते आणि त्याला पत्ता नव्हता. आमच्यातली दुसरी मुलगी माझी जिवाभावाची मैत्रीण, हॉस्टेलवर राहणारी. चौथा त्याचा मावसभाऊ. तो सिनेमातही झोपला होता.

अडचण आईची होती. "परक्या पोरांबरोबर मुक्कामाला जायचं? लोक काय म्हणतील?"

मी घाईघाईनं बोलून गेले, "परका कुठला? मला तो भावासारखा आहे."

आमच्याकडं एवढं म्हटलं की भागतं. गल्लीतल्या प्रत्येक मुलाला अण्णा म्हणतच आम्ही वाढलो, त्यानं कुणी भाऊ होत नाही. पण आई शब्दाला धरून बसणारी बाई. निघायच्या सकाळी तो व्हॅन घेऊन दारात आला, तर तिनं पाट मांडून ठेवलेला. देव्हाऱ्यातला लाल दोरा काढून तिनं माझ्या हातात दिला.

"बांध त्याला."

"आई, मे महिना चालू आहे!"

"असू दे की. भाऊ व्हायला मुहूर्त लागतो काय?" मग त्याच्याकडं वळून म्हणाली, "हात पुढं कर बाळा. हिला तुझ्या भरवशावर सोडते बघ."

मला वाटलं, तो हसेल आणि गाडीत बसल्यावर दोरा तोडून टाकेल. तो हसला नाही. त्यानं मनगट पुढं केलं, ओवाळून घेतलं आणि ओवाळणी म्हणून खिशातलं चॉकलेट माझ्या ताटात ठेवलं. आईच्या पाया पडला. तिनं घातलेली साखर अजून तोंडात असताना त्यानं माझी बॅग उचलून गाडीत ठेवली.

मी मात्र आशेवरच. दोऱ्याचं काय एवढं, खाऱ्या पाण्यात भिजला की सुटेल, म्हणून मनाची समजूत घालत बसले.

पुढची सीट त्यानं मैत्रिणीला दिली, कारण मागं बसलं की तिला गरगरतं. मला म्हणाला, "खिडकी लाव, वारा लागेल." थोरल्या भावाचा आवाज त्याला इतक्या लवकर कसा जमला कोण जाणे! यल्लापूर मागं पडलं आणि अरबैल घाटात व्हॅन तापली. बॉनेट उघडून ती गार व्हायची वाट बघत आम्ही कडेच्या कठड्यावर टेकलो. मावसभाऊ आत झोपलेला. मैत्रीण बाटल्या घेऊन वरच्या चहाच्या टपरीकडं पाणी आणायला गेली. तो माझ्या शेजारी येऊन बसला. मला वाटलं, समुद्र कशाला, इथंच सांगून टाकावं.

"तुला एक सांगायचंय," तोच म्हणाला. त्याची नजर टपरीकडं होती. "मला ती आवडते. तूच विचारून बघ तिला. बहिणीला नाही सांगायचं तर कुणाला?"

मी विचारलं. ती लाजून हो म्हणाली. गोकर्णाच्या समुद्रावर, अगदी सिनेमातल्यासारखी, ती दोघं पाण्याच्या कडेनं लांबपर्यंत चालत गेली. मी मावसभावाबरोबर कणीस खात बसले. मेला नेमका तेव्हा जागा होता. मला रडताही येईना.

या हिवाळ्यात त्यांचं लग्न झालं. आईनंच सांगून टाकलं, "त्याला दुसरी बहीण कुठाय? करवली तूच." मी जरीचं नेसले आणि हातात पाण्याचा करा घेऊन त्याच्या मागं उभी राहिले. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट सरला. कुणीतरी म्हातारी ओरडली, "करवले, नवऱ्याच्या डोळ्यांना पाणी लाव की गं!"

मी कऱ्यात बोटं बुडवली. त्यानं डोळे मिटून चेहरा माझ्याकडं केला. त्याच्या चेहऱ्याला मी हात लावला तो तेवढाच.

"किती गार गं," तो म्हणाला, आणि डोळे उघडून तिच्याकडं वळला.