चार दाढांची चांदी

मार्सेलिन नवऱ्याशी एकच मोठं खोटं बोलली, तेही भर दिवसा, बसमध्ये त्याच्या शेजारी बसून.

एरवी उत्तनमध्ये तिच्या खरेपणाचे दाखले देत. भाईंदर पश्चिमेच्या बाजारात ती मासे घेऊन बसायची. गिऱ्हाईक बंगाली असो की युपीचं, त्याच्याशी हिंदीत तोंड सोडून भांडायची. पण पापलेट कालचं असेल तर "कल का है, लेना है तो लो" असं आधीच सांगून मोकळी व्हायची. बाजूच्या बायका म्हणत, हिला धंदा करता येत नाही. पण तिच्याकडचं गिऱ्हाईक कधी तुटलं नाही.

नवरा पीटर मात्र दारूने पोखरलेला. दुसऱ्यांच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचा, आणि बोट धक्क्याला लागली की त्याचे पाय आपोआप गुत्त्याकडे वळायचे. फादरांनी समजावलं, मेव्हण्यांनी एकदा धरून बदडलं, लेकाने, ग्लेनने, शाळेत असताना रडून पाय धरले. कशाचा म्हणून उपयोग झाला नाही. तो कुणालाच भीत नव्हता. भीत होता फक्त वेडाला. त्याच्या बापाचं डोकं शेवटी फिरलं होतं. ओटीवरच्या खांबाला बांधून ठेवावं लागे, पोटच्या पोरांना तो चोर समजून शिव्या घाली. पीटरने लहानपणी ते सगळं पाहिलं होतं. दारूच्या नशेतसुद्धा तो बापाचा विषय काढू देत नसे.

आणि नेमकी तीच दुखरी जागा मार्सेलिनने धरली.

पीटरच्या दाढा ठणकायला लागल्या म्हणून ती त्याला भाईंदरला एका जुन्या डॉक्टरकडे घेऊन गेली. चार दाढा किडल्या होत्या. डॉक्टरने त्यांत चांदी भरली. पीटर बाहेर बाकावर गाल धरून बसला होता, तेव्हा मार्सेलिनने सहज विचारलं, "निस्ती चांदी हाय की आनखी काय?"

"चांदी, कथील, थोडा पारा," डॉक्टर हात धुता धुता म्हणाला. "आजचा दिवस काही कडक चावू देऊ नका."

एवढंच. दारूचं त्याने नावही काढलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये पीटरने खिडकीबाहेर बघत विचारलं, "काय बोलला डॉक्टर?"

मुर्ध्याचा थांबा आला होता. माणसं उतरत होती. मार्सेलिनला पुढे कधीच सांगता आलं नाही की ते वाक्य तिच्या तोंडात कुठून आलं.

"बोलला, चांदीत पारा हाय. दारू लागली की पारा सुटतो. मंग तो डोक्यात जातो, नि मानूस खुळा व्हतो."

पीटरने तिच्याकडे पाहिलं. गालावरचा हात खाली आला. "खुळा?"

"तुझ्या बापावानी," ती म्हणाली.



पीटरने दारू सोडली. पहिले दिवस वाईट गेले. हात कापायचे, अंगाला घाम फुटायचा, आणि तो घाबरून विचारायचा, "पारा तर न्हाय ना सुटला?" मार्सेलिन त्याला पेज भरवायची आणि नाही म्हणून मान हलवायची. मग हळूहळू माणूस वर आला. चर्चमध्ये मिस्साला जाऊन पुढच्या बाकावर बसू लागला. संध्याकाळी ओटीवर जाळं विणत बसायचा. त्या नाताळात त्याने स्वतः घराला रंग लावला, आणि ग्लेन त्याच्या खांद्याला खांदा लावून शिडी धरून उभा राहिला. बापलेकांना असं हसताना मार्सेलिनने पहिल्यांदाच पाहिलं.

खोटं तिला टोचत होतंच. कुमसाराला गेली तेव्हा तिने फादरांपुढे ते पाप कबूल केलं. फादर म्हणाले, "खोटं ते खोटंच, मार्सेलिन. त्याला खरं सांग." ती घरी आली. पीटर कोळंबी सोलत बसला होता, कसलंसं गाणं गुणगुणत होता. तिने खरं सांगितलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात बोटी बंद होत्या तेव्हा एके दुपारी पीटर बाहेर गेला तो दिवेलागणीला परतला. दोन्ही गाल सुजलेले, तोंडात कापूस, शर्टावर रक्ताचे डाग. हातात प्लास्टिकची पिशवी. त्याने पिशवीतून क्वार्टर काढून टेबलावर ठेवली.

"काय केलंस रे?" मार्सेलिन ओरडली.

"काढून टाकल्या," पीटर बोबडं बोलला. "चारी दाढा. पार मुळासकट. आता पारा न्हाय, आता कसला डर?"

कुठल्यातरी स्वस्तातल्या दात काढणाऱ्याकडे तो गेला होता. त्याने का, कशाला, काही विचारलं नाही. काढ म्हटलं, त्याने काढल्या. चार धडधाकट, भरलेल्या दाढा. पीटरने कापूस थुंकला आणि बाटली तोंडाला लावली. उघड्या जखमांवर दारू झोंबली तशी त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं, तरी तो थांबला नाही. मार्सेलिन भिंतीला टेकून बघत राहिली. इतके महिने तिला वाटत होतं, नवरा सुधारलाय. तो तर फक्त वाट बघत होता.

रविवारी ग्लेन आलिशाला जेवायला घेऊन आला. दोघांचं लग्न ठरलं होतं. आलिशा मिरा रोडला, शांती नगरात एका डेंटल क्लिनिकमध्ये काम करायची. पीटरचं तोंड बघून तिने विचारलं, "डॅडी, एवढे दात का काढले?"

पीटरने सांगितलं. मार्सेलिन रश्श्याचं भांडं घेऊन दारातच थबकली.

"असं कोण बोललं?" आलिशाने भाबडेपणाने विचारलं. "दारूने त्या चांदीला काहीच होत नाही. पारा त्यात बांधला जातो. एकदा घट्ट झाली की दारू पिऊन तो सुटत नाही. आमच्याकडे किती पिणारे येतात, सगळ्यांची चांदी जागच्या जागी असते."

पीटर हळूच वळला. "मार्सेलिन, डॉक्टर काय बोललेला?"

तिने भांडं खाली ठेवलं. "तो काय न्हाय बोलला. मीच बोलली."

"मम्मी!" ग्लेन उठून उभा राहिला. "तू डॅडींना फसवलंस? आजोबांचं नाव घेऊन?"

"तो पीत नव्हता, ग्लेन. तू शिडी धरलीस ना तवा? तो तुझा बाप व्हता. मी आनला व्हता त्याला."

"चार दात गेले त्यांचे!" ग्लेन म्हणाला. टेबलाखालच्या बाटलीबद्दल तो काही बोलला नाही. कुणीच बोललं नाही.

त्या दिवसापासून पीटरला दारूसाठी कारण शोधावं लागलं नाही. बायकोने ठकवलेला माणूस पिणार नाही तर काय करणार! गावानेही त्याचीच बाजू घेतली. ज्या बायका पूर्वी नवऱ्याच्या माराने फुटलेले तिचे ओठ बघून चुकचुकायच्या, त्याच आता म्हणू लागल्या, "खोटं बोलून नवऱ्याचे दात काडवले की तिनं." आणि बाजारात एका गिऱ्हाइकाने, तेही गावातल्याच, सुरमई हातात घेऊन विचारलं, "ताजी हाय ना? की हेही पाऱ्यावानी खोटं?" मार्सेलिनने त्याच्या हातातून मासा काढून घेतला, पण त्या दिवशी तिच्या तोंडून भांडण निघालं नाही.

लग्नानंतर आलिशा घरात आली. एकदा भांडी घासताना ती हळू आवाजात म्हणाली, "मम्मी, मला माहीत असतं तर मी गप्प बसले असते."

"कशाला गप बसतीस? तू खरं बोललीस." मार्सेलिन टोप विसळत राहिली. "खरं बोलून काय व्हतं, खोटं बोलून काय व्हतं, दोन्ही बघितलं मी. पिनारा पितो."

बाहेर ओटीवर आलिशाच्या माहेरचं कोणीतरी आलं होतं. पीटर ग्लास हातात धरून त्याला दाढांची गोष्ट सांगत होता. मध्येच त्याने आ करून गाल ताणून दाखवला. पाहुणा चुकचुकला आणि मान वळवून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघू लागला.