एकतीस नंबरचं पाकीट

बाइंडरबाईंच्या हाताला कागदाचं वजन कळतं. तीस वर्षं त्यांनी शाळांचे हजेरीपट आणि वकिलांच्या फायली बांधल्या. कागद ऐंशी ग्रॅमचा की शंभरचा, हे त्या बघण्याआधी सांगतात. त्यामुळे पाकिटात नोट आहे की नाही, हे पाकीट फोडण्याआधीच त्यांना समजायचं.

त्यांच्या लूथरन ख्रिस्ती मंडळीची अर्पणाची पाकिटं त्याच बनवत. एका कुटुंबाला वर्षाची बावन्न, सगळ्यांवर त्या कुटुंबाचा नंबर. कोणता नंबर कुणाचा, ते फक्त बाईंच्या वहीत. पाळकसाहेबांनाही माहीत नसे. रविवारी उपासना झाली की मागच्या खोलीत बाई आणि औषधांचे दुकानदार समोरासमोर बसत. ते नंबर आणि रक्कम वाचत, बाई लिहीत. फक्त एकतीस नंबर बाई स्वतः फोडत आणि ‘शून्य’ म्हणून पुढे जात.

एकतीस नंबर त्यांच्या थोरल्या भावाचा. दादा छापखान्यात मशिनवर होते. चार वर्षांपूर्वी छापखाना बंद पडला आणि साठीच्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवून घेणार? तरी दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते येत, अर्पणाची थाळी समोर आली की पाकीट टाकत, पाकीट नीट चिकटवलेलं असे. बाईंनी याबद्दल ना दादांकडे कधी विषय काढला, ना वहिनींकडे.

यंदा अर्पण फारच घटलं. छप्पर ऑर्गनवर गळत होतं आणि पाळकसाहेबांना तीन महिने अर्ध्या पगारावर काढावे लागले होते. पंचांच्या बैठकीत त्यांनी, जरा ओशाळूनच, विचारलं की लोकांनी द्यावं म्हणून काय करता येईल. कुणी मेळाव्याचं सुचवलं, कुणी प्रवचनाचं. प्रवचनं ऐकून लोकांचे कान किटलेत, असं दुकानदार म्हणाले. तेव्हा बाई बोलल्या. वर्षाच्या अर्पणाची यादी फलकावर लावू. नावं नकोत, फक्त नंबर आणि रक्कम. आपण कुठे आहोत ते ज्याचं त्याला दिसेल, दुसऱ्याला पत्ता लागणार नाही. सगळ्यांना पटलं. बैठकीत आपला मुद्दा मान्य झाला, याचं त्यांना मनातून बरं वाटलं. यादी लिहिताना एकतीसच्या पुढे शून्य घालायला हात अडखळला होता. पण नंबरच तर आहे, म्हणून पुढे गेला.

त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. वीस वर्षांपूर्वी पहिली पाकिटं वाटताना त्यांनी पुरुषांच्या बाजूला पुढच्या बाकापासून ओळीनं नंबर दिले होते, एका बाकाला दहा कुटुंबप्रमुख. आणि या मंडळीतली माणसं एक वेळ पंथ बदलतील, पण बाक बदलायची नाहीत.

रविवारी यादी लागली. चहाचे कप हातात येईपर्यंत कुणीतरी बोटांवर मोजायला लागलं होतं. आपला चौदा, म्हणजे दुसरा बाक. मग हा तिसरा. मग चौथ्या बाकाची कडेची जागा, दादांची. एकतीस, शून्य. पुढे कुणी मोजलं नाही. माना एकदम वळल्या, आणि मग तितक्याच एकदम परत फिरल्या. दादा चहा न घेता निघून गेले.

सोमवारी सकाळीच बाईंनी यादी काढली. झाडणारी बाई म्हणाली, काढून काय उपयोग, फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर आहे.

तिथून त्या तशाच दादांकडे गेल्या. दादा खिडकीपाशी भिंग घेऊन वाचत बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरलं होतं, त्याचे पैसे वहिनींनी शिलाई करून दोन वर्षांत जमवले होते.

“कृपा फुकट मिळते म्हणतात,” दादा मान वर न करता म्हणाले, “आणि दरपत्रक भिंतीवर लावतात.”

“चूक माझी आहे, दादा. मीच सुचवलं.”

“तुला माहीत होतं? पाकीट रिकामं असतं ते?”

“पहिल्यापासून.”

“आणि तुला काय वाटायचं, मी लोकांना फसवतो?”

बाई म्हणाल्या, थाळी तशीच पुढे सरकवायला तुला लाज वाटत असेल, असं मला वाटायचं.

“लाज कसली? हजेरी लावत होतो मी.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “आता तीही शून्यात गेली.”

पुढच्या रविवारी दादा आले, नेहमीच्या जागी बसले. त्या दिवशी अर्पण दीडपट झालं. मागच्या खोलीत एकतीस नंबर हातात घेतल्याबरोबर बाईंना वजन कळलं. पाकीट जाड होतं. दुकानदारांनी नोटा मोजल्या, दोनदा मोजल्या, आणि खूश होऊन म्हणाले, “बाई, तुमच्या यादीनं कमाल केली.” पाळकसाहेबांनी दारातून डोकावून विचारलं, यादी दर तीन महिन्यांनी लावता येईल का? माणूस वाईट नव्हता. त्यांच्या मुलांची फी थकलेली होती.

संध्याकाळी त्या नोटांसकट ते पाकीट पर्समध्ये घालून दादांकडे गेल्या. वहिनींनी दार उघडलं, त्यांचे डोळे सुजलेले होते. नणंदेला त्या बसा म्हणाल्या नाहीत. बाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं. अजून वहीत लिहिलेलं नाही, कुणाला काही कळणार नाही, मी दुकानदारांशी बोलते, असं त्या सांगत राहिल्या. ऑपरेशन लांबलं तर डावा डोळा जाईल, हेही बोलल्या.

दादांनी चाचपत पाकीट शोधलं आणि त्यांच्याकडे परत सरकवलं.

“पावती दे,” ते म्हणाले.

“दादा, ऐक माझं.”

“चार वर्षांचं अर्पण आहे. पावती दे.”

बाईंनी पर्समधून पावतीपुस्तक काढलं. नंबर लिहिला, रक्कम लिहिली, सही केली. दादांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. त्यांना काही वाचता येईना. मग त्यांनी तो वहिनींकडे दिला आणि म्हणाले, “मोठ्यानं वाच.”

वहिनींनी वाचलं.